तेरावं नाव

बाई, तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली असतील. कागद घेऊन बसलेय मात्र पहिल्यांदाच. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझं तोंड उघडायचं नाही, आणि तुम्ही गेल्यावर उघडून उपयोग नव्हता. आज सकाळी मैदानावरून आले, चहा ठेवला, तो उतू जाऊन शेगडी विझली तरी मी ओट्याशी उभीच. मग पुसापुशी केली आणि ही वही काढली. सांगायचं आहे ते थोडंच आहे, पण त्याला तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल.

फुलंब्रीला तालुक्याचे खेळ होते. खो-खोत आमची शाळा पहिल्याच फेरीत हरली, दर वर्षी हरायची तशी. मी मात्र त्या डावात बाद झाले नव्हते. समोरच्या मुली दमून गेल्या, वेळ संपली आणि मी उभीच होते. तुम्ही मैदानाच्या कडेनं चालत आलात, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी, आणि नाव नाही गाव नाही, एकदम म्हणालात, "पाय दाखव." मला वाटलं काटा बघताहेत. तुम्ही मातीत बसलात, माझा पाय उचलून मांडीवर घेतला, टाच दाबून बघितली, बोटं एकेक वाकवून बघितली. आईशिवाय माझ्या पायाला तोवर कुणी हात लावला नव्हता, आणि तुम्ही तर शहरातल्या, बामणाच्या घरातल्या, शाळेतल्या बाई. मी लाजून पाय ओढून घेतला. तुम्ही हसलात. म्हणालात, "अनवाणी एवढी पळतेस, तर बुटात काय करशील!"

दोन रविवार गेले आणि तुम्ही एस्टीनं गावात आलात. वडील बैलांपुढं पेंड टाकत होते. त्यांनी तुम्हाला बाज टाकून दिली आणि स्वतः उभेच राहिले. "पोरीच्या जातीला पळून काय करायचंय, बाई? पळाया लागली तर लोक हसत्यात," ते म्हणाले. तुम्ही भाषण केलं नाहीत. तुम्ही तुमच्या घरचं सांगितलंत. "माझे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली, मग आमच्या गल्लीजवळ मुलींची मराठी शाळा निघाली आणि शाळेमागच्या मैदानात खो-खो सुरू झाला. वडिलांना ते बघवेना. त्यांनी मैदानाकडची खिडकी लावून घेतली. दार मात्र लावलं नाही. मी दारातनं गेले." वडील पहिल्यांदा हसले. बराच वेळ पेंडीचा हात झटकत राहिले आणि म्हणाले, "न्या मग. पर पोरीचा जिम्मा तुमचा." तुम्ही म्हणालात, "माझा." हा एक शब्द पुढं मला किती जड जाणार आहे हे त्या दिवशी ना तुम्हाला ठाऊक, ना मला.

मी वसतिगृहात राहायला आले. शहरात माझं काहीच जमत नव्हतं. मुली माझ्या बोलण्याला हसायच्या, "लई" म्हटलं की पुन्हा म्हणायला लावायच्या. रविवारी सकाळचा सराव झाला की तुम्ही आम्हा बाहेरगावच्या पाचसहा जणींना औरंगपुऱ्यातल्या तुमच्या दोन खोल्यांत जेवायला न्यायच्या. तुमची म्हातारी आई सोवळ्यातली, ती आत जाऊन बसायची, आणि तुम्ही स्वयंपाकघरात आम्हाला ओळीनं बसवायच्या. वरण, भात, पोळी, एक पातळ भाजी. मी भाकरीवर वाढलेली, त्या मऊ पोळ्या कितीही खाल्ल्या तरी मला जेवल्यासारखं वाटायचं नाही. मी हे कुणाला बोलले नव्हते. एका रविवारी ताटात बाजरीची भाकरी. कडा फाटलेल्या, मध्येच जाड, एका बाजूनं करपलेली. तुम्ही ती पहिल्यांदाच थापली होती. "हसू नकोस, खा," म्हणालात. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. खिडकीतून ऊन येतंय, तुमच्या कोपरापर्यंत पीठ लागलंय, आणि मी खाली मान घालून खातेय, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही माझं वर्ष काढून घेतलंत.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा कुमारी गटाचा, म्हणजे अठराच्या आतल्या मुलींचा संघ निघायचा होता. बारा जणींची यादी तुम्हीच केली होती, माझं नाव दुसरं. आई मला भेटायला आली होती, येताना शेंगा आणल्या होत्या, आणि तुम्ही दोघी फरशीवर बसून त्या सोलत गप्पा मारत होता. आई बोलता बोलता सहज म्हणाली, "माझ्या नणंदंचा पोरगा आन् ही एकाच आठवड्यातले. तो गेला बी मिलिट्रीत. वरीस झालं की त्याला." तुमचा हात शेंगांत थांबला. मिलिट्रीत घ्यायला वय काय लागतं ते तुम्हाला ठाऊक होतं. आईला काही कळलं नाही, मला कळलं. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी सगळ्या गावालाच एक जूनला जन्माला घातलं होतं, वर्षही त्यांच्या मनाला येईल ते. शाळेच्या दाखल्यावर मी त्या गटात बसत होते. खरी बसत नव्हते.

आई गेली. तुम्ही मला समोर बसवलंत. "तुला या गटात खेळता येणार नाही."

"दाखल्यावर बसते की मी, बाई."

"बसतेस. मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. पण आता कळलंय."

"कुणाला सांगतंय कोण?"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. "मला कळलंय म्हणतेय ना! बारा जणींनंतर तेरावी एक पोर आहे. ती खरी त्या वयाची आहे. तिची जागा तुला देऊन मी तिच्याकडं कशी बघू?" दुसऱ्या दिवशी तुम्ही संघटनेच्या कचेरीत जाऊन माझं नाव काढून आलात. त्या तेराव्या मुलीनं आनंदानं मैदानावर कोलांटी मारली. मी झाडाखाली बसून ते पाहिलं. मग ट्रंक उचलली आणि गावाला गेले. वडील म्हणाले, "मंग पळून मिळालं काय?" 

तीन महिने मी आले नाही. तुम्ही पत्र पाठवलंत, नुसतं "मैदान तुझं आहे, ये" एवढंच. मी आले. खुल्या गटात खेळले, जिल्ह्याकडून खेळले, पुढं तुम्हीच मागं लागून शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला लावलात, तुमच्या ओळखीच्या शाळेत मला नोकरी लागली. जे काही झाले ते तुमच्यामुळं झाले. आणि तरी तो राग गेला नाही. तुम्ही बरोबर होतात म्हणून तर तो जास्तच राहिला. चुकलेल्या माणसावर रागावून माणूस मोकळं होतं, बरोबर माणसाचं काय करायचं? शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही विचारलंत, "अजून राग आहे?" मी म्हटलं, "छे, बाई, कधीचा गेला." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर मी अर्धा तास बसले होते. परत फिरावं असं वाटत होतं." मी चमचा पुढं केला. 

तुमच्यानंतर तुमचं खो-खोचं मंडळ माझ्याकडं आलं. मला मुली मॅडम म्हणतात. मी पण तुमच्यासारखीच एस्टीनं, जीपनं हिंडत राहिले. शाळाशाळांच्या मैदानांवर कडेला उभी राहायचे आणि जी मुलगी बाद झाल्यावर मागं वळून आपण कुठं चुकलो ते बघते, तिचं नाव लिहून घ्यायचे. दर वर्षी वीसेक मुली यायच्या, त्यातल्या निम्म्या दिवाळीनंतर परत यायच्या नाहीत. कुणाचं लग्न, कुणाची कापूस वेचणी, कुणाचा भाऊ म्हणाला म्हणून. दारात जाऊन उभं राहायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. शिकवता सगळं येतं, बाई. थांबवता कुणालाच येत नाही.

कन्नडच्या घाटाकडच्या एका गावात मला एक पोरगी सापडली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. अशी पोरगी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दोन खुंटांच्या मधली ती सगळी जागा तिच्या एकटीची असल्यासारखी ती पळायची, घाई म्हणून नाही. तिचा बाप म्हणाला, "मॅडम, आमाला हंगामाला निघायचं हाय. पोरगी हितं ठिवून जायाची म्हंजी जिम्मा कोनाचा?" मी काय म्हणणार होते? म्हटलं, "माझा."

त्याच वर्षी हर्सूलची एक मुलगी मंडळात तिसऱ्या वर्षाला होती. घरचा तलावाच्या बाजूला भाजीचा मळा. ती सायकलवर यायची, सगळ्यांच्या आधी यायची आणि मी पोचेपर्यंत चुन्याच्या रेघा आखून ठेवायची. कुणी सांगितलेलं नसायचं. तिच्या खेळात चमक नव्हती पण खोट पण नव्हती. ती संघात असली की बाकीच्या आठजणी नीट खेळायच्या. कुमारी गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

राज्य स्पर्धेचा संघ मला निवडायचा होता. बाराची यादी मी केली. कन्नडची पहिली, हर्सूलची तेरावी. म्हणजे बारावी आणि तेरावी यांत फार फरक नव्हता, पण एक रेघ कुठंतरी मारावी लागते. अजून यादी जाहीर केलेली नव्हती. एका सराव सामन्याहून आम्ही एस्टीनं परत येत होतो. कन्नडची पोरगी माझ्या शेजारी बसली होती, पुढच्या सीटच्या दांडीला धरून. हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? रागावनार नाय ना?"

"सांग."

"मी कागदावर हाय त्याच्याहून दोन वर्सानं मोठी हाय. आमी हंगामाला जायचो, शाळा बुडायची, मंग गुरुजींनी मला खालच्या वर्गात घातलं आन् साल पन तसंच लिवलं. आई म्हनली कोनाला बोलू नको. पर तुमच्यापासून काय लपवायचं?"

मी तिच्याकडं बघितलंच नाही. म्हटलं, "मला कशाला सांगितलंस गं?"

तिला वाटलं मी रागावले. घाबरून म्हणाली, "मंग मला काढता का आता?" आणि मग सगळंच सांगून टाकलं. हंगाम उरकून आईबाप परत आले की तिचं लग्न करणार होते, मामाकडचं स्थळ ठरल्यात जमा होतं. बाप एवढंच म्हणाला होता की राज्याचं सर्टिफिकेट मिळालं आणि पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जागा लागण्यासारखी असली तर थांबतो. नाहीतर नाही. तिच्या पाठी तीन बहिणी होत्या. "माझं झालं की त्यांचं बी मागोमाग," ती म्हणाली. रडली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नुसतं ऊन होतं आणि ज्वारीची रिकामी रानं.

बाई, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. त्या एस्टीत, मनात. काय करू? तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं, शब्दन् शब्द. मला ते ऐकायचं नव्हतं. मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसले, दुसऱ्या दिवशी बसले आणि चार दिवसांनी मैदानावर सगळ्या मुलींना गोल बसवून यादी वाचली. बारा नावं. शेवटचं नाव वाचल्यावर हर्सूलची मुलगी जराशी पुढं झुकली, अजून एक नाव असेल म्हणून. मी कागदाची घडी केली.

सगळ्या पांगल्यावर ती माझ्याकडं आली. रुसली नव्हती. नीट उभी राहून विचारलं, "मॅडम, माझं कुठं कमी पडलं? सांगा ना. मी करीन."

खरं सांगायचं तर कुठंच नाही. यादीत एक पोरगी बसत नव्हती, ती निघाली असती तर हिचं नाव बारावं होतं. पण हे सांगायला तोंड कुठलं? काहीतरी सांगायला पाहिजे म्हणून मी म्हणाले, "तुझा सूर कमी पडतो गं." खुंटाजवळ अंग झोकून देऊन पळणारीला हात लावायचा, तो सूर. तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून ती सूर मारायला लागली. संघाचा सराव मैदानाच्या एका बाजूला चालायचा, आणि दुसऱ्या बाजूच्या खुंटाशी ती एकटी. धावत यायची, जमिनीवर अंग टाकायची, उठायची, माती झटकायची, पुन्हा मागं जायची. आमचं मैदान कसं आहे तुम्हाला माहीत आहे, वरवर माती आणि खाली मुरूम. तिची कोपरं सोलली, गुडघे सोलले, हनुवटीला खरचटलं. हळद लावून यायची आणि पुन्हा सुरू. मी बघत होते. रोज बघत होते. एकदा जवळ जाऊन म्हटलं, "पुरे आता, लागेल." तर म्हणते, "नाय मॅडम, आता जमायला लागलंय. बघा तुमी." आणि मला मारून दाखवला. मी "छान" म्हटलं. बाई, तुम्ही मला नुसतं काढून टाकलंत. मी त्या पोरीला नसलेल्या खोटीमागं महिनाभर जमिनीवर आपटायला लावलं.

संघ राज्याला गेला आणि जिंकून आला. आम्ही परतलो तेव्हा ती स्टँडवर हार घेऊन आली होती, मळ्यातल्या झेंडूचा, तिनंच ओवलेला. त्यानंतर महिनाभर आली. मग सायकल दिसेनाशी झाली. मी हर्सूलला तिच्या घरी गेले नाही. एरवी मी कुणाच्याही दारात जाते. पुढं कळलं, लग्न होऊन फुलंब्रीला गेली.

कन्नडची पोरगी पोलिसात लागली. हे पण तुम्हाला सांगायलाच हवं. तिच्या तिन्ही बहिणी शिकल्या. एक नर्स आहे, एक तलाठी झाली. आईबाप आता हंगामाला जात नाहीत. दर दिवाळीला ती वर्दीतच येते, वाकून नमस्कार करते आणि म्हणते, "मॅडम, तुमी गप बसलात म्हनून हे सगळं झालं." ती हे कौतुकानं म्हणते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते. मी बोलले असते तर ती आज कुठं असती, हे मला कळतं. आणि मी गप्प बसले म्हणून दुसरीचं काय गेलं, ते पण कळतं. इतकी वर्षं हे दोन्ही माझ्या पदरात आहे आणि यातलं एक दुसऱ्यात मिळवता येत नाही, वजा करता येत नाही. तुमच्यासारखं वागले असते तर निदान एकच दुःख राहिलं असतं. की तुम्हालाही दोन्ही होती? त्या पायऱ्यांवरचं तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी विचारायला हवं होतं. मी पेजेचा चमचा पुढं केला.

आज सकाळी हर्सूलची आली होती. नव्या मुलींची नावं घ्यायचा दिवस, आयाबापांची गर्दी, मी टेबलाशी बसलेली. वर बघितलं तर ती. अंगानं भरलीय, केस थोडे पांढरे झालेत. फुलंब्रीहून पहिल्या बसनं आली होती. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्यासारखीच रुंद खांद्यांची. मी काही विचारायच्या आत तिनं पिशवीतून लेकीच्या जन्माचा दाखला काढून माझ्यासमोर ठेवला. "नगरपंचायतीचा हाय मॅडम, बघून घ्या. तुमचं काम पहिल्यापासून चोख, म्हनून आदीच आनला." मी दाखला उलटसुलट बघत बसले. अक्षरं दिसत नव्हती.

तिनं मुलीला पुढं ढकललं. "पळती चांगली हाय. फक्त हिला सूर तेवढा नीट शिकवा, लहानपनापासून. माझं तिथंच राहिलं. हिला मी घरी सांगत असते, मॅडमनी मला खरं ते तोंडावर सांगितलं होतं म्हनून. दुसरं कोन सांगतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. तिला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी उठले सुद्धा. पण ती हसत होती, बाई. इतकी वर्षं तिनं ते आपलंच उणं म्हणून सांभाळलंय आणि त्याच्या बळावर लेकीला घेऊन आलीय. मी ते काढून घेतलं तर तिच्या हातात काय ठेवणार? का हे मी माझ्यासाठीच म्हणतेय? मला खरंच कळत नाही. मी मुलीचं नाव लिहून घेतलं. म्हटलं, "सोमवारपासून पाठव." ती वाकली, मी तिला वाकू दिलं नाही, एवढंच काय ते केलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाच्या हातात पडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या वर्षीच्या सगळ्या मुलींत, बारा धरून, सूर तिचाच सगळ्यात चांगला होता. मी तो पहिल्यापासून बघत होते. खोटं बोलायला मला दुसरं काही सुचलं नाही, आणि तिच्याकडं बघताना तेवढंच तोंडात आलं. हे तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आता माझ्यावर आवाज चढवू शकत नाही.